सोइचिरो होंडा

सोइचिरो होंडा (१७ नोव्हेंबर १९०६ – ५ ऑगस्ट १९९१) हे जपानी अभियंता, संशोधक आणि उद्योजक होते. होंडा मोटर कंपनीचे ते संस्थापक होत. लोहाराच्या घरी जन्मलेल्या आणि औपचारिक शिक्षण जेमतेम झालेल्या या कारागिराने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त जपानमध्ये सायकलला जोडावयाच्या लहान इंजिनापासून आरंभ केला आणि पुढे जगातील सर्वांत मोठा मोटारसायकल कारखानदार म्हणून नाव मिळवले. त्यांच्या कंपनीच्या दोन वाहनांनी मोटारसायकलीच्या इतिहासाची दिशा बदलली. १९५८ मधील सुपर कब या छोट्या गाडीने दुचाकी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आणली, तर १९६९ मधील सीबी ७५० या मोठ्या गाडीने वेगवान मोटारसायकलीकडून असलेल्या अपेक्षा कायमच्या बदलल्या. त्यापूर्वी मोटारसायकल हे मुख्यतः हौशी, यंत्राची जाण असलेल्या आणि हात तेलकट करून घेण्याची तयारी असलेल्या पुरुषांचे वाहन मानले जात असे.

बालपण

होंडा यांचा जन्म जपानच्या शिझुओका प्रांतातील हमामात्सु शहराजवळच्या कोम्यो या खेड्यात झाला. वडील गिहेई हे लोहारकाम करीत. पुढे त्यांनी सायकल दुरुस्तीचे दुकान काढले. आई मिका विणकाम करीत असे. भात्याची धग, ऐरणीवरचे घाव आणि मोडक्या सायकली यांच्या सहवासात सोइचिरो वाढले. पुस्तकी अभ्यासात त्यांना गोडी नव्हती. यंत्र दिसले की मात्र ते तेथेच खिळून राहत.

गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा ते तिच्यामागे धावत गेले आणि रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा वास त्यांनी डोळे मिटून घेतला. ही आठवण त्यांनी आयुष्यभर जपली. १९१७ मध्ये आर्ट स्मिथ या अमेरिकन वैमानिकाच्या विमानाच्या कसरती हमामात्सु येथे होणार होत्या. घरच्यांना न सांगता वडिलांची मोठी सायकल घेऊन, आसनावर पाय पुरत नसल्याने नळीच्या मधून पाय घालून पायडल मारीत ते सुमारे वीस किलोमीटर गेले. तिकिटाला पैसे पुरेसे नव्हते, म्हणून त्यांनी झाडावर चढून विमान पाहिले.

शाळेतील एक प्रसंग त्यांच्या स्वभावाची ओळख पटवणारा आहे. मुलांच्या प्रगतिपत्रकावर पालकांचा शिक्का उमटवून आणण्याची तेथे पद्धत होती. सोइचिरो यांनी सायकलच्या पायडलच्या रबराचा शिक्का कोरून स्वतःची सोय केली. त्यांच्या आडनावाची चित्राक्षरे डावी-उजवी सारखीच असल्याने उलट कोरणी लक्षात आली नाही. मित्रांसाठी शिक्के कोरले तेव्हा मात्र अक्षरे उलटी उमटली आणि हा उद्योग उघडकीस आला.

आर्ट शोकाईतील उमेदवारी

१९२२ मध्ये प्राथमिक शिक्षण संपवून ते टोकियोला गेले आणि आर्ट शोकाई या मोटार दुरुस्तीच्या दुकानात उमेदवार म्हणून राहिले. आरंभीचे काही महिने त्यांच्या हाती पान्याऐवजी मालकाचे तान्हे मूल आले. मूल पाठीशी बांधून ते दुकान झाडीत आणि कारागीर काय करतात ते लांबून पाहत. कंटाळून घरी परतण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता, परंतु कामाची गर्दी वाढली तेव्हा एके दिवशी मालक युझो साकाकिबारा यांनी त्यांना मदतीला बोलावले आणि तेथून त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले.

१ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या कांतो भूकंपात आणि त्यापाठोपाठच्या आगीत टोकियोचा मोठा भाग जळून गेला. दुकानातील गिऱ्हाइकांच्या मोटारी बाहेर काढताना होंडा यांनी प्रथमच मोटार चालवली. भूकंपानंतर बहुतेक कारागीर आपापल्या गावी निघून गेले. मागे राहिलेल्या मोजक्या माणसांवर जळालेल्या गाड्या पुन्हा चालत्या करण्याचे काम पडले आणि या कामात त्यांचा हात तयार झाला.

साकाकिबारा यांना शर्यतीच्या मोटारींची आवड होती. अमेरिकन कर्टिस विमानाचे जुने इंजिन बसवून त्यांनी एक मोटार तयार केली. नोव्हेंबर १९२४ मधील शर्यतीत मालकाचे बंधू शिनइची यांनी ती चालवली आणि सोबतचा मेकॅनिक म्हणून होंडा शेजारी बसले. ती शर्यत त्यांनी जिंकली. यंत्राची खरी परीक्षा शर्यतीतच होते ही समजूत होंडा यांच्या मनात येथे रुजली.

१९२८ मध्ये मालकाच्या संमतीने त्यांनी हमामात्सु येथे आर्ट शोकाईची शाखा उघडली. त्या काळी मोटारीच्या चाकांचे आरे लाकडी असत. होंडा यांनी ओतीव लोखंडाचे आरे तयार करून त्यांचे पेटंट घेतले. १९३५ मध्ये त्यांचा साची इसोबे यांच्याशी विवाह झाला. जून १९३६ मध्ये टोकियोजवळच्या तामागावा धावपट्टीवरील शर्यतीत त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. त्यांच्या चेहऱ्याला जबर इजा झाली आणि सोबत असलेले धाकटे बंधू बेंजिरो गंभीर जखमी झाले.

पिस्टन रिंग आणि युद्धकाळ

दुरुस्तीच्या धंद्यावर समाधान न मानता होंडा यांनी पिस्टन रिंग तयार करण्याचे ठरवले. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या पिस्टनभोवतीची ही कडी दिसायला साधी असते, पण ज्वलनातील वायूचा दाब कोंडून धरणे आणि तेल वर चढू न देणे अशी दोन्ही कामे तिला करावी लागतात. ती फार कडक झाली तर तुटते आणि फार नरम झाली तर झिजते. होंडा यांनी ओतलेल्या रिंगा दगडासारख्या ठिसूळ निघत. अनुभवाने हा प्रश्न सुटत नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी हमामात्सु येथील तांत्रिक महाविद्यालयातील अध्यापकांना गाठले. त्यांच्या धातूत सिलिकॉनचे प्रमाण कमी असल्याचे तेथे समजले. तिशी गाठलेले होंडा मग त्याच संस्थेत विद्यार्थी म्हणून बसू लागले. आपल्या कामाशी संबंध असलेल्याच तासांना ते हजर राहत आणि परीक्षा देत नसत, त्यामुळे त्यांना पदवी मिळाली नाही.

१९३७ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या तोकाई सेइकी या कंपनीने टोयोटाकडे तपासणीसाठी पन्नास रिंगा पाठवल्या, त्यांतील तीनच उत्तीर्ण झाल्या. चिकाटीने त्यांनी दोष दूर केले आणि माल स्वीकारला जाऊ लागला. १९४२ मध्ये टोयोटाने कंपनीत चाळीस टक्के भांडवल घेतले आणि होंडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. पुरुष कामगार सैन्यात गेल्याने कारखान्यात स्त्रिया काम करू लागल्या, तेव्हा नवख्या हातांनाही चालवता येतील अशी स्वयंचलित यंत्रे त्यांनी रचली. विमानांचे लाकडी पंखे कापण्याचे यंत्रही त्यांनी तयार केले.

युद्धाच्या अखेरीस बाँबहल्ल्यात एक कारखाना नष्ट झाला आणि जानेवारी १९४५ मधील मिकावा भूकंपात इवाता येथील दुसरा कोसळला. शरणागतीनंतर होंडा यांनी उरलेला व्यवसाय साडेचार लाख येनला टोयोटाकडे सोपवला आणि सुमारे वर्षभर काहीही न करता घालवले.

सायकलला जोडलेले इंजिन

१९४६ मध्ये हमामात्सु येथे एका लहानशा शेडमध्ये होंडा तांत्रिक संशोधन संस्था सुरू झाली. रेल्वेगाड्या खचाखच भरलेल्या, बस अपुऱ्या आणि अन्नासाठी शहरातील माणसांना खेडोपाडी पायपीट करावी लागत असे, असा तो काळ होता. सैन्याच्या बिनतारी संचांना वीज पुरवणारी लहान इंजिने युद्धानंतर निरुपयोगी पडून होती. होंडा यांनी ती मिळवून सायकलला जोडली. इंधनाची टाकी म्हणून पहिल्या गाडीला अंथरुणात ऊब देणारे गरम पाण्याचे भांडे लावले होते. तिची चाचणी पत्नी साची यांनी भरवस्तीतून घेतली. पेट्रोलवर नियंत्रण असल्याने त्यात पाइनच्या मुळांपासून काढलेले तेल मिसळले जाई. सुमारे पाचशे इंजिनांचा हा साठा लवकरच संपला आणि १९४७ मध्ये होंडा यांनी स्वतः रचलेले ए प्रकारचे इंजिन बाजारात आणले.

२४ सप्टेंबर १९४८ रोजी दहा लाख येन भांडवल आणि चौतीस कामगार यांच्यासह होंडा मोटर कंपनीची रीतसर स्थापना झाली. ऑगस्ट १९४९ मध्ये सांगाड्यासह संपूर्ण तयार झालेली पहिली मोटारसायकल बाहेर पडली. तिला ड्रीम असे नाव देण्यात आले. तिच्यात ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन होते.

फुजिसावा यांची साथ

१९४९ मध्येच ताकेओ फुजिसावा कंपनीत दाखल झाले. होंडा यांना हिशेब आणि वसुली जमत नसे, तर फुजिसावा यांना यंत्राचे ज्ञान नव्हते. दोघांनी कामाची विभागणी केली आणि ती अखेरपर्यंत पाळली. यंत्राचा निर्णय होंडा यांचा आणि पैसा, विक्री व संघटना फुजिसावा यांच्याकडे. कंपनीचा अधिकृत शिक्काही होंडा यांनी फुजिसावा यांच्या हाती दिला होता. जपानी व्यवहारात शिक्का ही सहीच असल्याने या विश्वासाला मोठा अर्थ होता.

टू-स्ट्रोक इंजिनाचा फटफटाट आणि धूर फुजिसावा यांना पसंत नव्हता. १९५१ मध्ये ड्रीम ई ही १४६ सीसीची फोर-स्ट्रोक गाडी तयार झाली. त्या वर्षीच्या जुलैत तरुण अभियंता कियोशी कावाशिमा यांनी भर पावसात हाकोने घाट न थांबता पार करून तिची परीक्षा घेतली. मागून मोटारीने येणारे होंडा आणि फुजिसावा मागे पडले होते. पुढे हेच कावाशिमा होंडा यांचे उत्तराधिकारी झाले.

१९५२ मध्ये सायकलच्या मागील चाकाला जोडायचे कब एफ हे इंजिन आले. पांढरी टाकी आणि लाल आवरण यांमुळे ते उठून दिसे. विक्रीसाठी मोटारसायकलींच्या दुकानांवर विसंबून न राहता फुजिसावा यांनी देशभरातील सुमारे पंचावन्न हजार सायकल दुकानदारांना पत्रे लिहिली. तीस हजारांहून अधिक दुकानदारांनी उत्तर दिले. गावोगावच्या सायकल दुकानांचे हे जाळे पुढे कंपनीचा कणा ठरले.

आर्थिक संकट आणि टीटी शर्यत

१९५२ पासून होंडा यांनी अमेरिका व युरोपातून पंचेचाळीस कोटी येनची यंत्रसामग्री मागवली. कंपनीच्या भांडवलाच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती. १९५४ मध्ये बाजार मंदावला. जुनो ही नवी स्कूटर जड आणि तापणारी निघाली, मोठ्या ड्रीम गाडीबद्दल तक्रारी आल्या आणि कब एफची विक्री ओसरली. कंपनी बुडण्याच्या बेतात आली. फुजिसावा यांनी पुरवठादारांची समजूत घातली, मित्सुबिशी बँकेचे साहाय्य मिळवले आणि कंपनी वाचवली.

याच वर्षी मार्चमध्ये होंडा यांनी आइल ऑफ मॅन येथील टीटी शर्यतीत उतरण्याचा जाहीर संकल्प केला. ब्रिटनजवळच्या या बेटावरील शर्यत त्या काळी मोटारसायकलींची सर्वांत अवघड कसोटी मानली जाई. जूनमध्ये ते स्वतः ती पाहण्यास गेले. तेथील जर्मन व इटालियन गाड्यांची इंजिने आकाराच्या मानाने आपल्या गाड्यांच्या कितीतरी पट शक्ती देतात, हे पाहून त्यांना धक्का बसला. चाकांच्या कडा, साखळ्या, कार्ब्युरेटर असे सुटे भाग विकत घेऊन ते परतले.

संकल्प प्रत्यक्षात येण्यास पाच वर्षे लागली. १९५९ मध्ये होंडाच्या चमूने १२५ सीसी गटात भाग घेतला. नाओमी तानिगुची सहावे आले आणि चमूला सांघिक पारितोषिक मिळाले. १९६१ मध्ये १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाच्या गाड्यांनी पटकावले. दोन्ही शर्यतींत माइक हेलवुड पहिले आले. १९६६ मध्ये जागतिक स्पर्धेच्या ५० ते ५०० सीसीपर्यंतच्या पाचही गटांतील कारखानदारांचे विजेतेपद होंडाने मिळवले. लहान इंजिन अतिशय वेगाने फिरवून अधिक शक्ती मिळवण्याचे, तरीही ते टिकाऊ ठेवण्याचे जे ज्ञान या शर्यतींतून मिळाले, ते रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये उतरत गेले.

सुपर कब

१९५६ मध्ये होंडा आणि फुजिसावा युरोपच्या दौऱ्यावर गेले. तेथील मोपेड आणि स्कूटर पाहून फुजिसावा यांनी जपानच्या खडबडीत रस्त्यांवर चालेल अशा लहान वाहनाचा आग्रह धरला. एका हातात शेवयांच्या वाडग्यांचे तबक सांभाळीत घरपोच जेवण देणाऱ्या हॉटेलच्या पोऱ्यालाही दुसऱ्या हाताने ते चालवता यावे, ही त्यांची अट होती. घरातील बाईला ते आपलेसे वाटावे, म्हणून इंजिन उघडे दिसता कामा नये, हीही अपेक्षा होती.

ऑगस्ट १९५८ मध्ये आलेल्या सुपर कबमध्ये या प्रत्येक अपेक्षेला तांत्रिक उत्तर होते. तिचे ४९ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन साडेचार अश्वशक्ती देई. त्या काळी एवढ्या लहान गाड्यांना बहुधा टू-स्ट्रोक इंजिन असे. फोर-स्ट्रोकमुळे इंधन कमी लागे, धूर होत नसे आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागत नसे. गिअर तीन होते, पण हाताने दाबायचा क्लच नव्हता. इंजिनाचा वेग वाढला की केंद्रोत्सारी क्लच आपोआप जुळे, त्यामुळे डावा हात मोकळा राहत असे. सिलिंडर जवळजवळ आडवा ठेवल्याने आसनापुढची जागा रिकामी राहिली आणि पाय उंच न टाकता गाडीवर बसणे शक्य झाले. चाके सतरा इंचांची होती. स्कूटरच्या लहान चाकांपेक्षा ती खड्ड्यांतून सहज जात. या मापाचे टायर जपानमध्ये मिळत नसल्याने एका लहान कारखानदाराकडून ते मुद्दाम करवून घ्यावे लागले. पायांवर चिखल उडू नये म्हणून पुढे प्लास्टिकची ढाल बसवली होती.

किंमत ५५,००० येन ठेवण्यात आली. या एका गाडीचा महिन्याला तीस हजारांचा खप होईल, हा फुजिसावा यांचा अंदाज प्रथम कोणालाच खरा वाटला नाही. त्यासाठी सुझुका येथे नवा कारखाना उभारण्यात आला आणि १९६० मध्ये तो सुरू झाला. सुपर कबच्या रचनेचा गाभा पुढे सहा दशके फारसा बदलला नाही. २०१७ मध्ये तिच्या उत्पादनाने दहा कोटींचा आकडा ओलांडला. आजवर कोणत्याही मोटारवाहनाच्या एका मालिकेचे एवढे उत्पादन झालेले नाही. व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया अशा देशांत टपाल, भाजीपाला आणि आख्खे कुटुंब वाहून नेणारी गाडी म्हणून ती रुळली.

अमेरिकेतील प्रवेश

जून १९५९ मध्ये लॉस एंजेलिस येथे अमेरिकन होंडा कंपनी स्थापन झाली. आरंभी मोठ्या गाड्या विकण्याचा विचार होता. परंतु अमेरिकेतील लांबलचक रस्त्यांवर तासन् तास भरधाव चालवल्याने त्या गाड्यांमध्ये बिघाड होऊ लागले आणि त्या परत मागवाव्या लागल्या. कर्मचारी शहरात फिरण्यासाठी वापरीत असलेली सुपर कब मात्र लोकांच्या नजरेत भरली. खेळाच्या साहित्याच्या दुकानांतूनही तिची विक्री सुरू झाली. तेथे मोटारसायकल म्हटली की कातडी जाकिटातील दांडगट टोळ्या डोळ्यांसमोर येत. १९६३ पासूनच्या जाहिरातमोहिमेत गृहिणी, विद्यार्थी आणि आजी-आजोबा सुपर कबवर दाखवण्यात आले आणि ही प्रतिमा पालटू लागली.

सीबी ७५०

१९६० च्या दशकात मोठ्या मोटारसायकलींचे क्षेत्र ब्रिटिश कारखान्यांकडे होते. त्यांच्या बहुतेक गाड्या दोन सिलिंडरच्या असत. त्या वेगवान होत्या, परंतु थरथरत, तेल गाळीत आणि लाथ मारूनच सुरू होत. ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात मांडलेली आणि १९६९ मध्ये विक्रीस आलेली होंडाची सीबी ७५० या सर्वांहून वेगळी होती. तिच्या ७३६ सीसी इंजिनात चार सिलिंडर आडव्या ओळीत होते. ते ६७ अश्वशक्ती देई आणि गाडी ताशी सुमारे २०० किलोमीटर वेग गाठे. पुढच्या चाकाला द्रवदाबाची डिस्क ब्रेक होती आणि बटण दाबताच इंजिन सुरू होई. शर्यतीच्या गाडीत शोभतील अशा या गोष्टी १,४९५ डॉलरला दुकानात मिळू लागल्या.

मागणीचा अंदाज कंपनीलाही आला नव्हता. पहिल्या गाड्यांच्या इंजिनाची कवचे कमी संख्येसाठी सोयीच्या वाळूच्या साच्यांत ओतलेली होती. ती पद्धत काही महिन्यांतच सोडून द्यावी लागली. कावासाकी आणि सुझुकी यांनी याच दिशेने मोठ्या गाड्या काढल्या. नव्या यंत्रसामग्रीकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केलेले ब्रिटिश कारखाने मात्र या स्पर्धेत टिकले नाहीत.

मोटारनिर्मिती आणि हवा-पाण्याचा वाद

१९६१ च्या सुमारास जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने मोटार कारखान्यांचे गट पाडून नव्या कंपन्यांना प्रवेश रोखणारा कायदा आणण्याचे ठरवले. होंडा यांनी त्याला उघड विरोध केला आणि १९६३ मध्ये टी३६० ही मालवाहू गाडी व एस५०० ही मोटार घाईने बाजारात आणली. तो कायदा अखेर संमत झाला नाही. १९६४ मध्ये कंपनी फॉर्म्युला वन शर्यतींत उतरली आणि पुढच्याच वर्षी मेक्सिको येथे रिची गिंथर यांनी तिला पहिला विजय मिळवून दिला.

याच काळात होंडा यांच्या हट्टाची दुसरी बाजू दिसून आली. पाण्याने थंड होणारे इंजिनही शेवटी हवेनेच थंड होते, तेव्हा मधले पाणी कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. मोटारसायकलींत यशस्वी झालेली हवाशीतन पद्धत त्यांनी मोटारींवरही लादली. जुलै १९६८ मध्ये रुआँ येथील फ्रेंच शर्यतीत हवाशीत इंजिनाच्या गाडीला अपघात होऊन आग लागली आणि चालक जो श्लेसर यांचा मृत्यू झाला. १९६९ मधील होंडा १३०० ही हवाशीत मोटार गुंतागुंतीची, जड आणि खर्चीक ठरली. वायुप्रदूषणाचे नवे निर्बंध पाळायचे तर इंजिनाचे तापमान स्थिर हवे आणि त्यासाठी पाणीच हवे, असे तरुण अभियंत्यांचे मत होते. ते थेट सांगण्याचे धैर्य कोणाला होईना, तेव्हा त्यांनी फुजिसावा यांना गाठले. आपण कंपनीत अध्यक्ष म्हणून राहू इच्छिता की अभियंता म्हणून, असा प्रश्न फुजिसावा यांनी होंडा यांना केला. होंडा यांनी काही वेळाने अध्यक्षपद निवडले आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांना संमती दिली.

या निर्णयातूनच १९७२ मध्ये सिव्हिक ही मोटार आणि सीव्हीसीसी हे इंजिन आले. अमेरिकेच्या १९७० च्या कठोर प्रदूषण कायद्याची मर्यादा पाळणे अशक्य असल्याचे मोठे कारखानदार सांगत असताना या इंजिनाने ती धूर शुद्ध करणाऱ्या वेगळ्या उपकरणाशिवाय पाळून दाखवली.

निवृत्ती

सीव्हीसीसीच्या यशात होंडा यांना बड्या अमेरिकन कंपन्यांना गाठण्याची संधी दिसत होती. तरुण अभियंत्यांना ते आवडले नाही. आपण हे काम कंपनीच्या नफ्यासाठी नव्हे, तर पुढच्या पिढीच्या स्वच्छ हवेसाठी करीत आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. आपला विचार मागे पडला असल्याची जाणीव होंडा यांना यातून झाली. १९७३ मध्ये, कंपनीला पंचवीस वर्षे पूर्ण होत असताना, होंडा आणि फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. पंचेचाळीस वर्षांचे कावाशिमा अध्यक्ष झाले. आपल्या मुलांना कंपनीत न घेण्याचा संकेत दोघांनीही पाळला होता.

निवृत्तीनंतर होंडा यांनी देशभरातील कारखाने आणि विक्री केंद्रांना भेटी देऊन प्रत्येकाचे आभार मानण्याचा क्रम सुरू केला. सुमारे सातशे ठिकाणांच्या या प्रवासाला दीड वर्ष लागले. एका ठिकाणी हस्तांदोलनासाठी पुढे आलेल्या कामगाराने तेलकट हात संकोचाने मागे घेतला, तेव्हा होंडा यांनी तो आग्रहाने हातात धरला, असे सांगितले जाते. १९७७ मध्ये त्यांनी होंडा प्रतिष्ठान स्थापन केले. १९८९ मध्ये अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. हा मान मिळवणारे ते पहिले जपानी होते.

स्वभाव

कारखान्यात होंडा पांढरे कपडे आणि टोपी घालून कामगारांमध्ये वावरत. नव्या भागाची कल्पना सुचली की जमिनीवर बसून खडूने आकृती काढीत. कामातील हलगर्जी दिसली की त्यांचा संताप अनावर होई. हातातील हत्यार फेकण्यापर्यंत आणि मारण्यापर्यंत मजल जात असल्याच्या आठवणी त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितल्या आहेत. राग ओसरला की त्यांना पश्चात्ताप होई, तथापि त्यांच्या धाकामुळे मतभेद दबून राहत, हे हवाशीत इंजिनाच्या प्रकरणात स्पष्ट झाले.

भारतातील प्रभाव

होंडा यांच्या हयातीतच त्यांच्या कंपनीचे तंत्रज्ञान भारतात आले. १९८४ मध्ये पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक समूहाशी झालेल्या करारातून कायनेटिक होंडा ही स्कूटर निघाली. १९७२ मध्ये याच समूहाने लुना ही मोपेड आणली होती. बटणाने सुरू होणारी आणि गिअर न बदलता चालणारी कायनेटिक होंडा महाराष्ट्रातील शहरांत नोकरदार स्त्रिया आणि महाविद्यालयीन मुली यांच्या विशेष पसंतीस उतरली. होंडाने १९९८ मध्ये या कंपनीतील आपला वाटा सोडला.

लुधियानाच्या हिरो समूहाबरोबर स्थापन झालेल्या हिरो होंडाने १९८५ मध्ये सीडी १०० ही ९७.२ सीसीची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आणली. तिचा जवळजवळ आडवा सिलिंडर सुपर कबच्या रचनेशी नाते सांगणारा होता. स्कूटर आणि टू-स्ट्रोक मोटारसायकलींना सरावलेल्या ग्राहकाला पेट्रोलमध्ये तेल न मिसळता आणि थोड्या इंधनात दूर जाणारी ही गाडी वेगळीच वाटली. तिच्याच वंशातील स्प्लेंडर १९९४ मध्ये आली. परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या तालुक्याच्या गावांच्या परिसरात दुधाचे कॅन, खताची पोती आणि शाळेत निघालेली मुले वाहणारी गाडी म्हणून अशा मोटारसायकली परिचयाच्या झाल्या. स्कूटरसाठी प्रसिद्ध असलेल्या पुण्याच्या बजाज ऑटोलाही कालांतराने मोटारसायकलींकडे वळावे लागले. मराठवाड्यातील वाळूज येथील बजाजचा कारखाना त्या उत्पादनाचे एक प्रमुख केंद्र बनला. हिरो आणि होंडा यांची भागीदारी डिसेंबर २०१० मध्ये संपुष्टात आली.

निधन

फुजिसावा यांचे डिसेंबर १९८८ मध्ये निधन झाले. ५ ऑगस्ट १९९१ रोजी टोकियो येथे यकृताच्या विकाराने सोइचिरो होंडा यांचे निधन झाले. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. कंपनीच्या वतीने मोठी अंत्ययात्रा काढू नये, अशी सूचना त्यांनी करून ठेवली होती. वाहने बनवणाऱ्या माणसाच्या अंत्ययात्रेमुळे रस्त्यावरील रहदारी अडून लोकांची गैरसोय व्हावी, हे त्यांना योग्य वाटत नव्हते. त्यांच्या इच्छेप्रमाणे कंपनीने अंत्ययात्रेऐवजी त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करणारे मेळावे भरवले.